उशिराचा बुधवार

महिन्यातून एका बुधवारी मुलांनी दोन तास उशिरा शाळेत यायचं आणि तेवढ्या वेळात शिक्षकांनी एकत्र बसून काम करायचं, ही कल्पना आमच्या शाळेत पहिल्यांदा माझ्या डोक्यातून निघाली! मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे श्रेय लाटून मला काही मिळायचं नाही. पण खरं ते खरं. कल्पना माझी, सूचनेचा मसुदा माझा, अक्षरही माझंच. आणि पुढे जी फजिती झाली, तिच्यातही मी कुठे मागे राहिलो नाही.

तुम्ही म्हणाल, शिक्षकांना एकत्र बसायला वेगळा वेळ कशाला हवा? रोज एकाच इमारतीत तर असता! अहो, तेच तर सांगतोय. सकाळी आठला मस्टरवर सही केली की जो तो आपापल्या वर्गात. सुट्टीत कुणी वह्या तपासतोय, कुणी मुलांची भांडणं सोडवतोय, कुणी नुसताच खिडकीपाशी डोळे मिटून उभा आहे. शाळा सुटली की घरी पळायची घाई. पंधरा पंधरा वर्षं एका टेबलावर डबे खाल्लेली माणसं आम्ही, पण शेजारचा वर्गात नक्की काय करतो, हे एकालाही ठाऊक नव्हतं!

याचा परिणाम काय व्हायचा ते ऐका. एकदा मी पाचवीला सोमवारी नदीवर निबंध घातला. मंगळवारी चित्रकलेच्या बाईंनी नदीचं चित्र काढायला लावलं. बुधवारी भूगोलात नदी आली. गुरुवारी विज्ञानाच्या सरांनी मुलांना बाटल्यांतून नदीचं पाणी आणायला सांगितलं. शुक्रवारी एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, “सर, शाळेला नदीचं काय झालंय?”

मी स्टाफरूममध्ये चौकशी केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्याच दिवशी ठरवलं, हे बदलायचं.

हे झालं जाहीर कारण. खरं कारण मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. ते माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे होतं.

माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. त्याला लागून गणिताच्या बाईंचा वर्ग. मूळचा एकच हॉल, मध्ये फळ्या ठोकून दोन वर्ग केलेले. गणिताच्या बाई दिसायला बारीक, बोलायला त्याहून बारीक. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात लाल पेन. आणि या बाईंच्या वर्गात रोज तिसऱ्या तासाला हशा पिकायचा! गणिताच्या तासाला! अपूर्णांक शिकवताना! मी इकडे कवितेत रंगलेला असायचो आणि नेमका त्याच वेळी फळ्यांपलीकडून सगळा वर्ग खदखदून हसायचा.

माझ्या शिकवण्याबद्दल मी स्वतः काय सांगू? पण सांगतो. माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत. पाचवीच्या पुस्तकात एका इमानी घोड्याची कविता होती. धन्याला पाठीवर घेऊन घोडा डोंगर उतरतो आणि शेवटच्या कडव्यात प्राण सोडतो. ती कविता मी नुसती म्हणायचो नाही, करायचो! टापा मी, वारा मी, आणि शेवटची खिंकाळीही मीच. त्या खिंकाळीला दर वेळी माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. मुलं अगदी स्तब्ध बसलेली असायची. पण हसत नसत! माझ्या तासाला मूल कधी हसलं नाही. आणि तिकडे छेद-अंशांवर हसून मुलांची मुरकुंडी वळायची. मला फार वाटायचं, या बाईंकडे काहीतरी विद्या आहे आणि ती आपण शिकून घेतली पाहिजे.

एकदा व्हरांड्यात गाठून मी विचारलंही होतं. “बाई, तुमच्या वर्गात मुलं एवढी हसतात कशाला?”

बाई जरा दचकल्या. “सांगेन हो, सावकाश सांगेन,” म्हणाल्या आणि तेवढ्यात घंटा झाली.

ते सावकाश काही अकरा वर्षं आलं नाही. आणि आता बाई सत्र संपताच निवृत्त होणार होत्या. दोन महिने आणि नऊ दिवस उरले होते. म्हणून ते दोन तास! एवढ्यासाठी मी सगळी शाळा उशिरा भरवायला निघालो होतो.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, लगेच तयार झाल्या. घोडं अडलं सचिवांपाशी. संस्थेचे सचिव लाकडाच्या वखारीचे मालक. फळी सरळ आहे की वाकडी, हे बघावं तसे ते माणसांकडे एक डोळा बारीक करून बघायचे.

“शिक्षक बसणार आणि चहा पिणार,” ते म्हणाले. “आणि पोरांना कोण बघणार?”

“घरचे बघतील,” मी ठणकावून सांगितलं. “दोन तासांचा तर प्रश्न!”

“ठीक आहे. एक बुधवार करून बघा. साडेनऊला मी स्वतः येईन. शिक्षक कामात दिसले पाहिजेत आणि आवारात एकही मूल दिसता कामा नये. मूल दिसलं म्हणजे घरी सोय झाली नाही. मग हे थेर तिथल्या तिथे बंद!”

मी त्याच दुपारी सूचना लिहिली. ‘कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही विद्यार्थ्यास कोणत्याही कारणाने दहापूर्वी शाळेत थांबवून घेऊ नये.’ खाली तीन रेघा मारल्या. सगळ्या बारा शिक्षकांनी सह्या केल्या. पहिली सही माझी, चांगली लफ्फेदार!

घरी गेलो तो विजयी मुद्रेने. बायको भाजी निवडत होती. मी सगळी हकिगत साभिनय सांगितली.

“छान झालं,” ती म्हणाली. “मग बुधवारी दहापर्यंत आपली चिमणी कुठे?”

“कुठे म्हणजे? घरी!”

“कुणाबरोबर?”

चिमणी, म्हणजे आमची मुलगी, माझ्याच शाळेत तिसरीत होती. बायको दवाखान्यात नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसायची. साडेसातला तिथे पोचायलाच लागायचं.

“अहो, मी विचारतेय काहीतरी.”

“करू काहीतरी.”

“सगळ्या गावाच्या घरांची व्यवस्था लावून आलात, आपलं तेवढं राहिलं वाटतं!” ती म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

आता मला सांगा, मी काय करणार? माझ्या वर्गाच्या समोर नकाशांची खोली होती. गुंडाळलेले नकाशे, दोन मोडके बाक आणि एक फुटका पृथ्वीगोल. तिकडे कुणी फिरकत नसे. एक मुलगी दोन तास गुपचूप बसली तर काय आभाळ कोसळणार होतं? मी चिमणीला बजावलं, “हे गुपित आहे हं. कुणाला सांगायचं नाही.”

चिमणीने ते फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. त्या मैत्रिणीची आई बस चालवायची. दुसऱ्या दिवशी ती मला फाटकापाशी गाठून म्हणाली, “सर, माझी पहिली फेरी सहाची असते हो. तुमची मुलगी तिथे असणारच आहे, तर आमची पण बसेल एका कोपऱ्यात. आवाज नाही करायची.” नाही कसं म्हणणार? संध्याकाळी बेकरीवाला आला. तो पहाटेपासून भट्टीपुढे. मग एक आजी आल्या, गुडघा धरून, दोन जुळ्या नाती घेऊन. “तुम्ही कडक आहात म्हणतात,” आजी म्हणाल्या, “पण मला नाही तसं वाटत.” माणसाला असं कुणी म्हटलं की तो कामातून गेलाच! मंगळवारपर्यंत माझ्या नकाशांच्या खोलीत चौदा मुलं ठरली होती.

बुधवारी सव्वासातला मी त्या चौदा जणांना मागच्या जिन्याने वर नेलं. चपला हातात, बोट ओठांवर. पहिल्याच वळणावर मामा समोर! मामा आमच्या शाळेचे शिपाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर ते तीस वर्षं घंटेचे ठोके देत होते आणि एका मिनिटाचाही फरक कधी पडला नव्हता.

“मामा,” मी कुजबुजलो, “हे कुणाला बोलायचं नाही. मोठ्या बाईंना तर मुळीच नाही.”

मामांनी चौदा डोकी शांतपणे मोजली. “नाही बोलणार सर. तुमचंही नाही बोलणार.”

घाईत होतो, म्हणून तो ‘ही’ मला टोचला नाही. टोचायला हवा होता.

आठला सगळे स्टाफरूममध्ये जमलो. ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. लांबलचक टेबल, त्याच्या एका पायाखाली कुठल्यातरी जुन्या परीक्षेची प्रश्नपत्रिका घडी करून सरकवलेली. कपाटांवर खडूच्या पेट्या. भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण त्या खोलीत आम्ही बारा जण एका वेळी गप्प कधी बसलोच नव्हतो. मी युक्तीने गणिताच्या बाईंशेजारची खुर्ची पकडली.

“मुलांशिवाय शाळा किती शांत वाटते, नाही?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“फार शांत!” आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. जरा जास्तच जोरात.

पहिला विषय नदीचा होता. भूगोलाच्या बाईंनी वही उघडली, तोच खेळाचे सर उठले. “आलोच. चेंडूंना हवा भरायची राहिलीय.” ते गेले. पाच मिनिटांनी विज्ञानाचे सर उठले. त्यांना प्रयोगशाळेतला नळ बंद केल्यासारखं आठवत नव्हतं. मग चित्रकलेच्या बाईंचे रंग वाळलेत का ते बघायला हवं होतं. मोठ्या बाईंना त्यांच्या केबिनमध्ये फोन आला. फोन वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण मोठ्या बाईंना आला म्हणजे आला!

मलाही चौदा जणांची काळजी लागली होती. मी “शब्दकोश आणतो” म्हणून सटकलो.

व्हरांड्यात खेळाचे सर समोरून येत होते. दोन्ही हातांत मिळून पाण्याच्या दहा बाटल्या.

“एवढं पाणी?” मी विचारलं.

“तहान फार लागते हो मला,” सर म्हणाले. त्यांची नजर माझ्या बगलेतल्या बिस्किटांच्या पुड्यांवर गेली. “आणि हे?”

“शब्दकोशासाठी,” मी म्हटलं. म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही पुढे पाण्याबद्दल विचारलं नाही. आम्ही फार सभ्यपणे एकमेकांना वाट दिली.

नकाशांच्या खोलीत सगळं ठीक होतं. बेकरीवाल्याचा मुलगा पृथ्वीगोलावर चढून बसला होता तेवढंच.

“बाबा,” चिमणी म्हणाली, “पलीकडे प्रयोगशाळेत कुणीतरी आहे.”

“कुणी नाही. तिथे सांगाडा असतो.”

“सांगाडा पाढे म्हणतो?”

“म्हणत असेल,” मी म्हणालो. मला परत जायची घाई होती.

परत आलो तर टेबलाभोवती चौघेच होते. गणिताच्या बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. लाल पेन, चष्मा, समोर वही. मी खुर्ची पुढे ओढली. “बाई, गेली अकरा वर्षं मला तुम्हाला एक—”

वरच्या मजल्यावर धाडकन काहीतरी पडलं.

“उंदीर,” चित्रकलेच्या बाई चटकन म्हणाल्या.

“फार झालेत हल्ली,” विज्ञानाच्या सरांनी दुजोरा दिला.

तेवढ्यात कपाटांमागच्या खोलीतून शिंक ऐकू आली. चांगली दणदणीत शिंक. आणि पाठोपाठ बारीक आवाजात “सॉरी”. सगळ्यांनी ती ऐकली आणि सगळ्यांनी नदीकडे लक्ष वळवलं! प्रत्येकाला वाटलं, आपलंच बिंग फुटलं. मी तर मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, चौदातलं एखादं खाली आलं की काय? आपलाच गुन्हा लपवण्याच्या नादात दुसऱ्या अकरा जणांच्या कपाळावरचा घाम एकालाही दिसला नाही.

असं दीड तास चाललं. कुणीतरी बाहेर, कुणीतरी आत. नदी उगमापाशीच अडकलेली. तीन वेळा मी बाईंकडे वळलो आणि तीन वेळा कुणीतरी उठलं, त्यात एकदा मीच. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी मात्र सगळे आपापल्या जागी आले, कारण सचिव यायची वेळ झाली होती. सगळ्यांच्या हातांत पेनं. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर काम. मला वाटलं, जमलं! अजून पाच मिनिटं तग धरायची. आणि पाच मिनिटं मला पुरेशी होती.

“बाई,” मी म्हणालो, “एक विचारायचं होतं.”

गणिताच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पदराने पुसला. माझ्याकडे वळल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्याकडे अशा निवांत बघत होत्या.

“विचारा,” त्या म्हणाल्या.

ठण! ठण! ठण!

घंटा! साडेनऊची, लहान सुट्टीची घंटा!

आणि मग शाळा फुटली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. नकाशांच्या खोलीतून चौदा. प्रयोगशाळेतून वीसेक. खेळाच्या खोलीतून तर रांगच संपेना, चेंडूंसकट! वाचनालयातून, चित्रकलेच्या दालनातून, जिन्याखालच्या झाडूंच्या खोलीतून, स्टाफरूमच्या कपाटांमागून मुलंच मुलं आरडाओरडा करत मैदानाकडे धावली. मोठ्या बाईंच्या केबिनचा पडदा बाजूला झाला आणि त्यामागून सहा मुली ओळीने बाहेर पडल्या. जाताना त्यांनी मोठ्या बाईंना नमस्कारही केला.

आम्ही बारा जण खिडक्यांशी उभे होतो. प्रत्येक जण आधी आपल्या मुलांकडे बघत होता, मग दुसऱ्यांच्या, मग एकमेकांकडे.

“तुम्हीसुद्धा?” खेळाचे सर मला म्हणाले. “सूचना तर तुमची होती!”

“तुमची तहान कळली मला,” मी म्हणालो.

फाटकात सचिव उभे होते. एक डोळा बारीक करून.

आम्ही खाली धावलो. खेळाच्या सरांनी सवयीने शिट्टी फुंकली आणि मुलं सवयीने रांगेत उभी राहिली. त्यामुळे तर आणखीच पंचाईत झाली, कारण आता त्यांना मोजता येत होतं. गणिताच्या बाईंनी ओठ हलवत मोजली.

“पटावर तीनशे बारा,” त्या म्हणाल्या. “हजर दोनशे एक्क्याण्णव. मागच्या बुधवारी दोनशे अठ्ठ्याहत्तर होते.”

म्हणजे सुट्टी दिल्यावर हजेरी तेराने वाढली होती!

“ही रिकामी शाळा?” सचिवांनी विचारलं. आवाज अजिबात न चढवता विचारलं, त्याने जास्त भीती वाटली.

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेतून एक पहिलीतलं पोरगं सुटलं आणि “आजोबा!” करत सचिवांच्या पायांना बिलगलं.

सचिव एकदम खाली वाकले. “तू? तू इथे कसा?”

“आईने सोडलं. खेळाच्या सरांकडे. आजोबांना सांगू नको म्हणाली.”

खेळाचे सर आकाशाकडे बघू लागले. सचिवांनी नातवाच्या शर्टाचं वर-खाली लावलेलं बटण नीट लावलं आणि ते उभे राहिले.

“मामांना बोलवा,” ते म्हणाले.

मामा आले. हातात हातोडी तशीच.

“एवढी मुलं शाळेत शिरली, तुम्हाला दिसली नाहीत?”

“दिसली ना साहेब. सगळी दिसली.”

“मग बोलला का नाहीत?”

“बारा जणांनी सांगितलं, कुणाला बोलू नका. मोठ्या बाईंनी तेरावं.” मामांनी शांतपणे आमच्याकडे एकवार पाहिलं. “नाही बोललो.”

“आणि घंटा?”

“मुलं शाळेत होती, साडेनऊ वाजले होते. घंटा देऊ नका, असं कुणीच नाही सांगितलं.”

सचिवांनी घड्याळ बघितलं. “बैठकीत काय ठरलं?”

शेवटी गणिताच्या बाईंनीच सांगितलं, “ठरायचं राहिलं.”

“सगळी आलीच आहेत, तर सुट्टी संपली की शाळा भरवा,” सचिव म्हणाले. “आणि हे पुन्हा नको.” नातवाचा हात धरून ते फाटकापर्यंत गेले, मग थांबले, त्याला परत रांगेत आणून सोडलं आणि एकटेच निघून गेले.

झालं! माझा उशिराचा बुधवार दीड तासात संपला. तेरा माणसं, तेराही जणांना एकच अडचण, तेराही जणांनी तिच्यावर एकच उपाय काढलेला. एकमेकांना नुसतं सांगितलं असतं, तर एका हॉलमध्ये सगळी मुलं बसवून आम्ही आळीपाळीने बघितली असती. पण सांगायला एकत्र बसावं लागतं, आणि एकत्र बसायला तो बुधवार!

मुलं मैदानभर पांगली होती. मी पायऱ्यांवर बसलो होतो. पार हिरमोड झाला होता माझा. दोन महिने आणि काही दिवस, आणि आता मला बाईंशी बोलायला शाळेत एवढासाही वेळ मिळणार नव्हता. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. लाल पेन.

“तुमची किती होती?” गणिताच्या बाईंनी विचारलं.

“चौदा. तुमची?”

“बत्तीस. माझ्याच वर्गात बसवली होती. एक गणित घालून ठेवलं होतं, दहापर्यंत पुरेल असं. म्हणून उठावं लागलं नाही.” मैदानाच्या कडेला एक घोळका वह्या उघडून तावातावाने भांडत होता. त्यांचं उत्तर अजून जुळत नव्हतं. “सुट्टीची अजून आठ मिनिटं आहेत. तुम्ही काहीतरी विचारत होतात.”

“बाई, तिसऱ्या तासाला तुमच्या वर्गात रोज हशा पिकतो. अपूर्णांकांवर! अकरा वर्षं ऐकतोय मी. तुम्ही नक्की काय सांगता मुलांना?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“वाईट वाटून घेणार नसाल तर सांगते.”

“छे! वाईट काय वाटायचंय?”

“मी काहीच सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कविता म्हणायला लागलात की मी खडू खाली ठेवते. आम्ही ऐकतो.”

“काय ऐकता?”

“सगळं. टापा, वारा. आणि तो घोडा मरतो ना…” बाईंचे खांदे हलायला लागले. एवढी गंभीर बाई, पण तोंडाला पदर लावून हसत होती. “तो मेल्यावर तर पाच मिनिटं वर्ग ताब्यात येत नाही!”

“पण माझा वर्ग तर स्तब्ध बसतो!” मी म्हणालो.

“त्यांना तुम्ही दिसता ना. आम्हाला फक्त ऐकू येतं.”

मी मैदानाकडे बघत बसलो. अकरा वर्षांच्या खिंकाळ्या एकदम कानांत घुमल्या. कान गरम झाले.

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं. “खरं सांगू का सर? गणिताला मुलं घाबरतात. घाबरलेल्या मुलाला अपूर्णांक कळत नाही. पण पोटभर हसून झालं की त्याला काहीही शिकवा, घेतो. मी तो धडा मुद्दाम तिसऱ्या तासाला ठेवते. तुमच्या वेळापत्रकात कविता कधी आहे, ते मी दर वर्षी आधी बघून घेते.” त्या जरा थांबल्या. “निवृत्तीनंतर मला दुसरं काही आठवो न आठवो, तुमचा घोडा आठवेल.”

मला वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. पण त्याहून जास्त काहीतरी भरून आलं होतं. आम्ही उरलेली चार मिनिटं नुसते बसून राहिलो, मुलांच्या गलक्यात. मग मामांनी घंटा दिली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी कविता अगदी हळू आवाजात म्हणायला घेतली. लाज वाटत होती हो! पहिलं कडवं संपतंय तोच फळ्यांवर पलीकडून टकटक झाली. मी थांबलो. पुन्हा टकटक, जरा जोरात. मी घसा खाकरला आणि टापा टाकल्या! पुढचे दोन महिने व्याकरणाच्या तासालासुद्धा मी घोडा मारला. माझा वर्ग चकित. पलीकडचा वर्ग हसून हसून बेजार. बाईंच्या शेवटच्या दिवशी तर तो बिचारा तीनदा मेला, आणि तिसऱ्या वेळी हशा संपल्यावर पलीकडून खूप वेळ काहीच आवाज आला नाही.

नव्या सत्रात बाईंच्या जागी एक तरुण सर आले. हुशार, नेटके, वेळेचे पक्के. पहिल्याच दिवशी तिसऱ्या तासाला माझा घोडा डोंगर उतरत असताना दारात त्यांच्या वर्गातली मुलगी उभी राहिली. हातात चिठ्ठी. ‘कृपया आवाज कमी ठेवावा. शेजारी गणित चालू आहे.’

मी आवाज कमी केला. त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत आमचा घोडा सर्दी झाल्यासारखा, तोंडातल्या तोंडात मरत आला. आणि त्याच वर्षी शेजारच्या वर्गाचा गणिताचा निकाल अकरा टक्क्यांनी घसरला! शिक्षकांच्या सभेत त्याची खूप कारणं निघाली. खरं कारण त्या अख्ख्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं, पण ते कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून मी आपला खाली मान घालून शब्दकोश चाळत बसलो.